ठिबकला ॲसिड सोडायचंय? आधी बादलीत मोजा

तापीकाठच्या आमच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यावर केळी करणाऱ्या कोणाच्याही शेतात जा, जुन्या लॅटरलच्या (ओळीतून जाणाऱ्या काळ्या नळीच्या) ड्रिपरपाशी, म्हणजे थेंब पडतो त्या तोंडाशी, पांढरट, खडबडीत कड धरलेली दिसेल. नखाने खरवडली तर भुकटी पडते. दोन-तीन वर्षांत तो ड्रिपर अर्धा बुजतो, ओळीतली चार-सहा खोडं बारीक राहतात, आणि मग बांधावरून कोणीतरी सांगतं, "ॲसिड सोड."

सोडायला हरकत नाही. पण किती? ज्याने ॲसिडचा कॅन कधी उघडलेला नाही, ज्याने शाळेत 'आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी' हे पाठ केलं आणि पेपर देऊन विसरला, त्याच्यासाठी हे लिहितोय. ठिबकची ॲसिड ट्रीटमेंट म्हणजे ते शाळेतलं उदासिनीकरणच. फरक एवढाच की इथे चूक झाली तर मार्क जात नाहीत, पैसे जातात.

माझे गेले. पहिल्या वर्षी शेजारच्या बापूंना विचारलं, त्यांनी एकराला तीन लिटर टाकलं होतं, मीही तेवढंच टाकलं. त्यांची विहीर पाटचारीजवळची, माझं बोअर खोल. ट्रीटमेंट चालू असताना शेवटच्या ड्रिपरखाली पीएच पेपर (आंबटपणा रंगाने दाखवणारा कागद) धरला तर रंग सातच्या आसपास. म्हणजे जवळजवळ साधं पाणी! बापू आले, पेपर पाहिला आणि म्हणाले, "भो, पानी ॲसिड पी ऱ्हायनं!" तेव्हा हसलो. पण ते शब्दशः खरं होतं.

पाणी ॲसिड पितं म्हणजे काय

खोल बोअरचं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं. येताना ते चुना विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात सोबत आणतं. काळी नळी उन्हात तापते, ड्रिपरच्या तोंडाशी पाणी हवेला लागतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन तिथेच बसतो. घागरीच्या तळाला बसतो तोच हा खडा.

आता अशा पाण्यात ॲसिड ओतलं, की ते नळीतल्या खड्याकडे जाण्याआधी पाण्यातल्या बायकार्बोनेटशी भिडतं. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, ॲसिड संपतं. पाण्यातलं सगळं बायकार्बोनेट संपेपर्यंत पीएच फारसा हलत नाही. ते संपलं की उरलेलं ॲसिड खड्यावर चालतं. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. त्याचं पाणी किती पितं आणि आपलं किती, हे वेगवेगळं असतं.

टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका. तो विरघळलेले सगळे क्षार एका आकड्यात दाखवतो. त्यात मीठ किती आणि बायकार्बोनेट किती, हे त्याला कळत नाही.

आधी स्वयंपाकघरात दहा मिनिटं

कॅन आणण्याआधी हा खेळ एकदा कराच. लहान मुलं घरात असतील तर त्यांनाही बसवा.

एका काचेच्या ग्लासात पानाला लावायचा चुना चिमूटभर घ्या, पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास राहू द्या. वर येणारी स्वच्छ निवळी दुसऱ्या ग्लासात काढा. त्यात हळदीची चिमूट टाका. पिवळी हळद क्षणात तांबडी होते. पांढऱ्या शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो ना, तेच. हळद आम्लारीत तांबडी, उदासीन पाण्यात पिवळी.

आता त्यात लिंबू थेंबाथेंबाने पिळा. पहिल्या थेंबांना एक पिवळा ठिपका उमटतो आणि ढवळलं की विरतो. आणखी थेंब. पुन्हा ठिपका, पुन्हा विरला. मग एका थेंबाला अख्खा ग्लास पिवळा होतो आणि तसाच राहतो. तो थेंब लक्षात ठेवा. चुन्याची ताकद तिथे संपली.

दुसऱ्या ग्लासात चुन्याच्या निवळीऐवजी खायच्या सोड्याचं पाणी घ्या आणि हेच करा. इथे लिंबू पडताच फेस येतो. चुन्याच्या निवळीत फेस नव्हता. दोन्ही उदासिनीकरणच, पण सोडा कार्बोनेटच्या घराण्यातला आहे, त्यामुळे पाण्याबरोबर वायूही निघतो. ड्रिपरमधला खडा याच घराण्यातला, कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून तोही फसफसतो.

हळदीची एक मर्यादा सांगून ठेवतो. ती सातला पिवळी आणि चारलाही पिवळीच. त्यामुळे शेतातल्या कामाला ती चालत नाही, तिथे पीएच पेपरच लागतो. पीएचची ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने काढली, आणि तीही कोपनहेगनमधल्या एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत. मोजपट्टीची गंमत अशी, की एक आकडा खाली उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढली. सातवरून चारवर येणं म्हणजे तीन पावलं नव्हेत, हजारपट.

खडा चुन्याचाच आहे ना?

बंद पडलेल्या ओळीतली वीतभर नळी कापा, ब्लेडने उभी चिरा आणि आत बघा. पांढरा, कडक थर असेल तर त्यावर ॲसिडचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना. ॲसिड अजून आणलं नसेल तर खडा खरवडून लिंबाच्या रसात टाका, थोडं उशिरा का होईना, फसफसतो.

आत हिरवट-काळं, बोटाला बुळबुळीत लागणारं काही असेल तर ते शेवाळ किंवा जिवाणूंचा थर. त्यावर एकटं ॲसिड फारसं चालत नाही. त्याला क्लोरिनची ट्रीटमेंट असते, तीही वेगळ्या दिवशी, वेगळ्या डब्यातून. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो, आणि तो फुफ्फुसं जाळतो. एकाच बादलीत आधी एक आणि मग न धुता दुसरं, असंही नको.

आणि नुसती गाळमाती दिसली तर ॲसिडचे पैसे वाचवा, फिल्टर बघा.

कोणतं ॲसिड

आपल्याकडे बहुतेक जण हायड्रोक्लोरिक वापरतात, आणि चुन्याच्या पाण्याला तेच सोयीचं, कारण त्यातून तयार होणारं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात सहज विरघळून निघून जातं. सल्फ्युरिक स्वस्त पडतं असं कोणी सांगेल. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर सल्फ्युरिकने जिप्सम तयार होऊ शकतं, आणि ते पाण्यात फारच कमी विरघळतं. एक खडा काढायला गेलो आणि दुसरा बसवून आलो, असं नको. शिवाय तीव्र सल्फ्युरिक पाण्यात पडताना इतकी उष्णता सुटते, की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. फॉस्फोरिकमधून पिकाला स्फुरद मिळतं हे खरं, पण कडक पाण्यात पीएच पुरेसा खाली राहिला नाही तर कॅल्शियम फॉस्फेटचा साका होतो.

संडास साफ करायच्या रंगीत बाटल्या आणू नका. त्यांत ॲसिड किती हे बाटलीगणिक बदलतं. बाजारातलं हायड्रोक्लोरिक साधारण ३० ते ३३ टक्क्यांचं असतं, कॅनवर टक्केवारी लिहिलेली बघूनच घ्या. दुकानदार ओळखपत्र मागेल, नाव-पत्ता आणि कारण लिहून घेईल. २०१३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून तसा नियम आहे, आणि अठरा वर्षांखालच्याला ॲसिड विकायला बंदी आहे. पोराला गाडीवर पाठवू नका.

बादलीतली मोजणी

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

सामान साधं आहे. दहा लिटरची पांढरी प्लास्टिकची बादली (लोखंडी, पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची चालत नाही, ॲसिड धातू खातं), पाच मिलीची सुई नसलेली सिरिंज, ढवळायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एक ते चौदापर्यंतचा पीएच पेपर, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. गॉगल म्हणजे चष्मा नव्हे, बाजूने बंद असलेला. शेजारी साध्या पाण्याचा भरलेला ड्रम असूच द्या.

वेळ सकाळची. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो. तापलेला कॅन उघडला की धूर नाकात जातो. कॅन सावलीत ठेवा, झाकण हळू उघडा, वारा पाठीशी घ्या.

मोटर पाच-दहा मिनिटं चालवून बोअरचं ताजं पाणी बादलीत बरोबर दहा लिटर मोजून घ्या. आदल्या दिवशीचं हौदातलं पाणी नको. पेपर बुडवून पीएच लिहून ठेवा. मग सिरिंजने एक मिली ॲसिड पाण्यात सोडा, ढवळा, पेपर लावा, लिहा. पुन्हा एक मिली. नेहमी ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. उलटं केलं तर वरचा थेंब उकळून तोंडावर उडू शकतो.

माझ्या बोअरची वही अशी होती. सुरुवातीला आठ. दोन मिलीनंतर सातच्या किंचित खाली. चार मिलीला साडेसहा. सहा मिलीला सहा. इथे मी कंटाळलो होतो, वाटलं कॅन भेसळीचा आहे. सात मिलीला साडेपाच. आणि आठव्या मिलीला पेपर एकदम चारच्या रंगावर! गंमत म्हणून नववा टाकला तर तीनच्याही आसपास गेला.

लिंबाच्या ग्लासातलं तेच आहे. बायकार्बोनेट असेपर्यंत पाणी दाद देत नाही, ते संपलं की एका मिलीत कोसळतं. म्हणून पाच मिलीनंतर अर्ध्या-अर्ध्या मिलीने चला. घाईत दोन-दोन मिली टाकत गेलात तर चार कधी येऊन गेला कळणारच नाही.

आपल्याला हवा आहे पीएच चार. त्याहून खाली नेण्यात शहाणपण नाही, खड्याचं काम चारला होतं, पुढे पितळी आणि लोखंडी जोड खराब होतात. दुसऱ्या वर्षी मी "जरा जास्तच बरं" म्हणून दीडपट टाकलं आणि एक जीआयचा निपल (लोखंडी जोडनळी) पाझरायला लागला.

मोजणी दोनदा करा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या मिलीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

पाणी तपासणीचा अहवाल असेल तर त्यावरून पडताळा येतो. अहवालात लिटरला बायकार्बोनेट किती मिलिग्रॅम ते बघा आणि ६१ ने भागा. समजा ४८८ आहे, तर उत्तर ८. कॅनमधलं ॲसिड ३०-३२ टक्क्यांचं असेल तर दहा लिटर पाण्याला साधारण तेवढेच मिली, म्हणजे ८ लागतात. बादली आणि कागद यांत फार तफावत आली तर मी बादलीवर विश्वास ठेवतो. कागद जुना असतो, बादलीतलं पाणी आजचं.

एकराचा हिशेब

बादलीतला प्रत्येक मिली म्हणजे हजार लिटरला १०० मिली. माझे आठ मिली म्हणजे हजार लिटरला ८०० मिली.

आता पाणी किती जाणार? समजा ओळींत सहा फूट अंतर आणि ओळीला एकच लॅटरल आहे. एकरात साधारण २,२०० मीटर नळी बसते. अर्ध्या मीटरवर ड्रिपर म्हणजे ४,४०० ड्रिपर. ताशी चार लिटरचे असतील तर तासाला १७,६०० लिटर, आणि पंधरा मिनिटांत ४,४०० लिटर. त्याला ८०० मिलीच्या हिशेबाने ॲसिड लागलं सुमारे साडेतीन लिटर. तुमची नळी, अंतर, ड्रिपर वेगळे असतील तर तुमचेच आकडे घाला. वॉटर मीटर असेल तर त्याचा आकडा सर्वांत बरा, कारण बुजलेले ड्रिपर पूर्ण पाणी देत नसतात.

वर एक लिटर जास्त हाताशी ठेवा. नळीतला खडाही ॲसिड खाणारच: अशा १०० ग्रॅम खड्याला या ताकदीचं साधारण २०० मिली लागतं.

व्हेंचुरी, म्हणजे वाहत्या पाण्याच्या जोरावर ड्रममधलं द्रावण ओढून नळीत सोडणारा जोड, पंधरा मिनिटांत किती ओढतो ते आधी साध्या पाण्यावर बघा. माझा ४० लिटर ओढायचा. म्हणून प्लास्टिकच्या ड्रममध्ये साडेछत्तीस लिटर पाणी आणि त्यात हळूहळू साडेतीन लिटर ॲसिड. हे पातळ केलेलं द्रावणही कातडी भाजतं, 'पाणीच तर आहे' म्हणून हात घालू नका.

शेतात

आदल्या दिवशी पाच ठिकाणच्या ड्रिपरखाली एकेक डबा ठेवून पंधरा मिनिटांत किती पाणी जमतं ते मोजा. चार लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत एक लिटर देतो. जागांवर खुणेच्या काड्या रोवा, आकडे लिहा. हे केल्याशिवाय उपयोग झाला की नाही ते कळणार नाही, नुसतं "बरं वाटतंय" एवढंच राहील.

मोटर चालू करून आधी सबमेन (लॅटरलना पाणी देणारी मोठी नळी) आणि मग लॅटरलची टोकं उघडून साध्या पाण्याने फ्लश करा, टोकं बंद करा, दाब नेहमीसारखा येऊ द्या. बोअरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे आणि तो नीट चालतोय याची खात्री करा. वीज गेली की ॲसिडचं पाणी बोअरमध्ये उतरता कामा नये. आपल्याकडची वीज कधी जाईल ते मी काय सांगायचं.

मग व्हेंचुरीचा कॉक उघडा. एक माणूस ड्रमपाशी, दुसरा पेपर घेऊन सर्वांत लांबच्या लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरपाशी. सुरुवातीला तिथे सात-आठच दिसेल. काही मिनिटांनी उतरू लागेल. चारवर येऊन टिकलं की पंधरा मिनिटं पूर्ण करा. आलंच नाही तर राखीव ॲसिड त्याच प्रमाणात पातळ करून चालू ठेवा. फोनवर ओरडून सांगण्यापेक्षा दुसऱ्या माणसाला टॉवेल हलवायला सांगा, मोटरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही.

आधी व्हेंचुरी बंद, मग मोटर बंद. नळीत ॲसिडचं पाणी तसंच राहू द्या, २४ तास. शेतात कोणी नळीला हात लावणार नाही असं मजुरांना सांगा, बकऱ्या वळवा.

दुसऱ्या दिवशी पूर्ण दाबाने पाणी सोडा. आधी सबमेनचं फ्लश, मग लॅटरलची टोकं पाच-पाच करून. पहिलं पाणी दुधासारखं, कधी खरखरीत कण घेऊन येतं. स्वच्छ होईपर्यंत वाहू द्या. व्हेंचुरीच्या पुढे लोखंडी फिल्टर असेल तर तोही भरपूर धुवा. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे आंबट पाणी फार वेळ आंबट राहत नाही, मातीतला चुना त्याला लगेच गाठतो. तरी नुकत्याच लावलेल्या टिश्यूकल्चर रोपांच्या बुडाशी ते सोडू नका, लागणीआधीच ट्रीटमेंट उरका.

सांडलं तर, उरलं तर

अंगावर उडालं तर फक्त पाणी, वाहतं, पंधरा-वीस मिनिटं. कपडे काढून टाका. उदासिनीकरण शिकलो म्हणून कातडीवर चुना किंवा सोडा चोळायचा नाही. ती क्रिया स्वतःच उष्णता सोडते, आणि चुना तर वेगळा भाजतो. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून पाणी मारत राहा आणि तसेच दवाखान्यात न्या.

फरशीवर सांडलं तर मात्र खायचा सोडा वापरा. एक लिटर ॲसिडला सुमारे ८४० ग्रॅम खायचा सोडा किंवा ३७० ग्रॅम विरलेला चुना पुरतो. आधी भरपूर पाणी, मग सोडा थोडा-थोडा, कडेकडून. एका लिटरमधून जवळजवळ २४० लिटर वायू सुटतो, म्हणून बंद खोलीत नको आणि बंद डब्यात तर अजिबात नको. फेस यायचा थांबला आणि पेपर सहा-सातच्या मध्ये आला की धुवून टाका. कळीचा चुना वापरू नका, पाण्याशी गाठ पडताच तो उकळतो.

उरलेलं ॲसिड मूळ कॅनमध्येच ठेवा. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं ॲसिड कोणीतरी तहानेने पितं, असं गावोगावी घडलंय. मोजणीची बादली मातीत ओता.

काड्यांपाशी परत

फ्लश झालं की खुणेच्या काड्यांपाशी तेच पाच डबे ठेवा, पुन्हा पंधरा मिनिटं. माझ्या पहिल्या नीट केलेल्या ट्रीटमेंटमध्ये आदल्या दिवशी सहाशे-साडेसहाशे मिली जमत होते, नंतर चार डब्यांत नऊशेच्या वर गेले. पाचवा सहाशेवरच अडला. ती नळी चिरली तर आत चुना नव्हता, शेंगदाण्याएवढं मातीचं ढेकूळ होतं. कधीतरी जोड निखळला होता तेव्हा आत गेलेलं. तेवढा तुकडा कापून जॉइनर टाकला.